येथे दाबावे

बिडकरांचा फोन सकाळी सव्वासातला.
"मेलाय गं."
मी म्हटलं, मेलाय म्हणू नका, एवढंच सांगा:
पंखा फिरतो? बीप येते? कुठं एखादा दिवा?
"काही म्हणजे काही नाही."
बरं वाटलं मला.
तीन-तीन बीप देणारं मशीन कटकटीचं,
चालू होऊन बंद पडणारं त्याहून.
पूर्ण गप्प बसलेल्याच्या मनात
बहुधा एकच गोष्ट असते.

शनिवार पेठ, दुसरा मजला, जिन्यात सायकल.
मॉनिटरवर धुतलेला पंचा,
टेबलभर नमुन्याच्या लग्नपत्रिका.
उद्या दहाला पाचशे द्यायच्यात, भूगावच्या घाऱ्यांना,
आणि तो जुना फाँट,
ज्यातला 'श्री' देखणा येतो,
तो याच्याच पोटात, दुसरीकडे कुठे नाही.
हे त्यांनी चहाआधी एकदा सांगितलं,
चहानंतर दोनदा.

तापकीर गल्लीत ज्यांच्या हाताखाली शिकले
ते बागवानसर म्हणायचे,
अक्कल शेवटी काढ, आधी प्लग काढ.
म्हणून आधी सॉकेटला टेबललँप लावून पाहिला. पेटला.
केबल बदलली. यूपीएस बाजूला ठेवला.
मागचा काळा खटका पाहिला.
झाडताना केरसुणी लागून तो शून्यावर जातो
आणि लोक नवा संगणक घेऊन येतात.
जागेवर होता.

चार स्क्रू. झाकण.
आत धुळीची गोधडी,
पालीच्या अंड्याचं टरफल,
आणि अक्षतांचे दोन दाणे, कसे शिरले कोण जाणे.

चोवीस पिनांचा जुडगा उपसला.
गठ्ठ्याची एक क्लिप सरळ केली,
एक टोक हिरव्या तारेत, एक शेजारच्या काळीत.
बिडकर दारापर्यंत मागे सरकले.
एसएमपीएसचा पंखा फिरला.
"झालं?"
नाही हो. हा निर्दोष, एवढंच.

जुडगा परत लावला. रॅम काढली, खोडरबरानं घासली, खट्कन बसवली.
कपॅसिटर पाहिले बॅटरीच्या उजेडात:
सगळ्यांची डोकी सपाट, एकही फुगलेलं नाही.
ग्राफिक कार्ड, सीडीचा ड्राइव्ह,
एकेक सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलं.
हार्डडिस्क मात्र बिडकर
ओंजळीत धरून बसले.
तरी गप्प.
आणि बोर्डाच्या कोपऱ्यात तेवढा हिरवा ठिपका जळत होता.
वीज उंबऱ्याशी आलेली,
आत या म्हणायला कुणी नाही.

मग माझ्या डोक्यात पडला तो उजेड
जो तासाभरापूर्वी पडायला हवा होता.
(बागवानसर असते तर नुसते खाकरले असते.)
समोरच्या बटणाची बारीक तार काढली
आणि उघड्या पडलेल्या दोन पिनांना
स्क्रूड्रायव्हरचं टोक
टेकवलं न टेकवलं.

टिक.
सगळे पंखे. एक बीप.

"काय होतं?"
"बटण."
सतरा वर्षं एकाच अंगठ्यानं दाबलेलं,
आतली पत्री झिजून गेलेली.
नवं आणायला वेळ नव्हता,
म्हणून रिसेटची तार तिथं खोचली.
आता मोठं नाही, खालचं लहान दाबायचं.

"किती झाले?"
"तीनशे."
"एवढ्याशा बटणाचे?"
"बटणाचे नाहीत.
बाकी सगळ्यांवर संशय घेतला, त्याचे."
बिडकरांनी मोजून दिले, सुट्टे,
आणि मी चपला घालेपर्यंत
त्या देखण्या फाँटमध्ये, चोवीस पॉइंटात, छापून
लहान बटणाशेजारी चिकटवलं:
येथे दाबावे.
खाली बाण. बाणाला वेलबुट्टी.

पुढच्या गुरुवारी, सव्वासातला:
"मेलाय गं."
"बिडकर, कोणतं दाबलंत?"
बराच वेळ फोनमध्ये नुसता रस्ता, एक रिक्षा,
कुणीतरी जिन्यातून सायकल उतरवतंय.

मग लांबून, बारीक,
एक बीप.